हैदराबाद ते औरंगाबाद, साडेसात घटिका

शके १८६०, कार्तिक वद्य ५

जावयाचं पत्र आलं. अंतर लांब आहे म्हणे. अंतर काय आज वाढलं? दोन वर्षांमागं हाच बद्रीनाथ आमच्या ओसरीवर मांडी घालून सांगत होता की हैदराबाद म्हणजे अंगणातून परसात गेल्यासारखं, रात्री आगगाडीत बसा, दुसऱ्या दुपारी परळीत उतरा. परळीपासून धारूरपर्यंत बैलगाडीत दीड दिवस जातो, ते तेव्हा त्याला आठवलं नाही. तेव्हा मुलगी मागायची होती. आता आमची छबू सात महिन्यांची गरोदर आहे, तिला माहेरी पाठवायची वेळ आली, तर जावयाला रस्त्यातला एकेक खड्डा आठवायला लागला. बाळंतपण इथंच करतो म्हणतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हा कायदा मी केलेला नाही. त्याच्या आईनंसुद्धा माहेरीच केलं असेल, नाहीतर हे रत्न कुठून आलं असतं.

त्यात पत्राच्या शेवटी शहाणपणा. जावई तिकडं विमानांच्या माळावर नोकरीला आहे, विमानात तेल भरतो. लिहितो की, मामी, आमचं विमान गुरुवारी सकाळी सातला इथून निघतं अन् औरंगाबादेच्या माळावर दहाला उतरतं, एकशे पस्तीस कोस, तीन तास. धारूरचा किल्ला वरून ओळखू येतो म्हणून त्याच्यावरून वळतं, नव्वद कोसांवर, निघाल्यापासून दोन तासांनी. मग दोन तासांचं गाव लांब कसं झालं, हे त्यालाच विचारलं पाहिजे.

हे वहीत लिहिते याला कारण आहे. मी बोलले की मालक म्हणतात, तू असं बोललीच नव्हतीस. वडील गावच्या पोरांना अक्षरं शिकवायचे, भावाच्या मागं बसून मी दोन इयत्तांपुरती उचलली. ती आता कामाला येतात. लिहिलेलं कुणाला नाही म्हणता येत नाही.

कार्तिक वद्य ७

जावई खरं लिहितो का थापा मारतो ते आधी पाहिलं पाहिजे. विमान दसऱ्यापासून दर गुरुवारी जाताना दिसतं, पण आमच्याकडं घड्याळ नाही. घड्याळ कचेरीत आहे, तिथं बाईमाणसानं कशाला जायचं. म्हणून त्रिंबकभट जोशांकडं गेले. त्यांचं घटिकापात्र मागितलं. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. पाण्यावर सोडली की भरत भरत जाते अन् एक घटिका झाली की बुडते. लग्नात मुहूर्त तिच्यावरच धरतात.

जोशीबुवा म्हणाले की ते पूजेचं पात्र आहे, लग्नाशिवाय पाण्यात सोडत नाहीत. मी म्हटलं, लग्नं मार्गशीर्षात, तोवर ते फळीवर बसून काय करतं. ते म्हणाले, विमानाचा मुहूर्त काढायचा का. मी म्हटलं, जावयाचं खोटं काढायचं आहे. मग बाईंच्या हातात देणार नाही, मी स्वतः येऊन बसेन म्हणाले. देवाचं निमित्त आहे, खरं तर त्यांनाच बघायची हौस आहे. तासाच्या अडीच घटिका होतात, हे त्यांनीच सांगितलं.

कार्तिक वद्य १०, गुरुवार

जोशीबुवा उजाडायच्या आत आले. घंगाळात पाणी भरून दिलं. सूर्याची कड दिसली तशी त्यांनी वाटी सोडली अन् मी सुपाऱ्या घेऊन बसले. वाटी बुडाली की एक सुपारी बाजूला. मालक मधूनच येऊन विचारत, अक्षता कधी टाकायच्या. तिसऱ्या वेळेला मी त्यांना म्हशीकडं पिटाळलं.

सहा सुपाऱ्या झाल्या अन् सातवी वाटी नुकती सोडली, तेवढ्यात किल्ल्याच्या बुरुजावर विमानाचा आवाज आला. जोशीबुवांनी बोटावर मोजलं. दिवस उगवल्यावर सव्वा घटिकेनं सात वाजतात, तिथून पाच घटिका. पाच म्हणजे दोन तास.

जावई खरं लिहितो. याचाच जास्त राग आला.

मग जोशीबुवा हौसेला पेटले. नव्वद कोस पाच पात्रांत, म्हणजे एका पात्राला अठरा कोस. मांजरसुंबा किती, बीड किती, करत बसले. मला म्हणाले, मोमिनाबाद इथून गाडीवाटेनं चौदा कोस, पण सरळ दोरी धरली तर नऊच. नऊ कोस म्हणजे अर्धं पात्र.

वाटी पाण्यात होती. अर्धी भरेपर्यंत मी बघत बसले. तेवढ्यात जोशांचा चहासुद्धा संपला नाही.

मोमिनाबादला सरकारी दवाखाना आहे. तीन वर्षांमागं आमची थोरली, जानकी, बाळंतपणात अडली तेव्हा तिला गाडीत घालून तिकडंच निघालो होतो. आडसच्या ओढ्यापर्यंत गेलो. पुढं जायचं काम उरलं नाही. वाट लांब होती, बैल थकलेले अन् आमच्या गड्याची, सटव्याची हाकणी सुस्त. दुसरं काही नाही.

दुपारी जोंधळा निवडला. दोन पायल्या झाला.

कार्तिक वद्य ११

जावयाला पत्र लिहिलं. छबूला विमानात बसवा. किल्ल्यावरून जातंच आहे तर खाली उतरायला काय जातं. आमच्याकडं माळ आहे. तुमच्या माळावर कशी जागा असते म्हणून तुम्हीच मागं लिहिलं होतं, की सपाट, चोपलेली, अन् वरून दिसावी म्हणून चुन्यानं वाटोळी आखलेली. तशी करून ठेवते. पोरीला सांगा, भीती वाटली तर डोळे मिटून पाच घटिका बसायचं.

मालकांना वाचून दाखवलं. म्हणाले, तू म्हणतीस तर म्हणतीस.

मार्गशीर्ष शुद्ध २, गुरुवार

जागा झाली. वाटोळी, सपाट अन् चोपलेली जागा म्हणजे खळंच की, त्यात शिकायचं काय आहे. किल्ल्याखालच्या आमच्या माळावर यंदा नेहमीच्या तिप्पट मोठं खळं धरलं. दगड वेचले, पाणी मारून चोपणीनं चोपलं, वरून शेणानं सारवलं. सटवा अन् त्याच्या दोन सुना चार दिवस राबल्या. कडेनं चुना टाकला. मधोमध मेढ पुरली, बाभळीची, चांगली पुरुषभर उंच. मेढीशिवाय खळं कुणी पाहिलं आहे. अन् बैल मेढीला बांधतात तसं विमानही कशाला तरी बांधावंच लागत असेल, वाऱ्यानं गेलं तर भरून कोण देणार. मेढीला आंब्याचा डहाळा बांधला, जोशांनी नारळ फोडला.

मालक येऊन बघून गेले. म्हणाले, "खळं झ्याक झालं. पर बैल आता आभाळातून यायचे का?" सटव्याच्या सुना पदर तोंडाला लावून हसल्या.

विमान आलं. मला वाटलं, जरा खाली आलं. जोशीबुवा नाही म्हणतात. सरळ औरंगाबादेकडं गेलं. अजून जावयाला पत्र पोचलं नसेल.

मार्गशीर्ष शुद्ध ४

भिवराबाईला बोलावलं होतं. आमच्या आळीतली सगळी पोरं तिच्या हातावर जन्मली, जानकी अन् छबूसुद्धा. तिला म्हटलं, छबू येणार आहे, पौष संपेपर्यंत कुठं गावाला जाऊ नको. ती उंबऱ्यातच बसली, आत काही आली नाही. म्हणाली, माझे हात आता थरथरतात, दुसरी कुणी बघा. हात पुढं करून दाखवले. मला काही थरथरताना दिसले नाहीत.

लुगडं पाहिजे असेल. जानकीच्या वेळी द्यायचं राहिलं. कशाचं देणार होते तेव्हा. मी म्हटलं, या वेळेला दोन देते. तर म्हणाली, "लुगड्याचं न्हाई, बाई. माजं ऐकणार असाल तर येते."

मी म्हटलं, तुझं कधी ऐकलं नाही. ती उठून गेली. म्हातारपणी माणसं चमत्कारिक होतात.

डिंक आणला. खोबरं किसलं. लाडू पुढच्या आठवड्यात.

मार्गशीर्ष शुद्ध ९, गुरुवार

विमान वेळेवर. उतरलं नाही. माणसं आता खळ्यावर बघायला जमतात. कुणी पोरीला आणायला पालखीच पाठवा म्हणालं. मी म्हटलं, तुझ्या सासरच्यांनी तुला पाठवली होती का.

मार्गशीर्ष शुद्ध १२

पत्र आलं. जसंच्या तसं उतरून ठेवते, म्हणजे मालकांना वाद घालता येणार नाही.

जावई लिहितो: "मामींना साष्टांग नमस्कार. विमान चालवणाऱ्या साहेबांनी मला गेल्या आठवड्यात विचारलं की तुमच्या धारूरच्या किल्ल्याखाली पांढरं रिंगण अन् मधे खांब दिसतो, तो काय आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा मला कळलं. मी त्यांना सांगितलं. ते खूप हसले नाहीत, एवढं लिहितो. विमान बैलासारखं वाटोळं फिरून उतरत नाही. त्याला सरळ चारशे-पाचशे पावलं मोकळी लागतात अन् मधे खांब असला तर आतली सगळी माणसं मरतात. तसंही विमानात टपाल अन् साहेब लोक असतात, गरोदर बाईला घेत नाहीत. अंतराचं म्हणाल तर मामी, खरं सांगतो. नको म्हणणारा मी नाही. मी तर म्हणत होतो, आईकडं जा. छबूनंच सांगितलं की माझं नाव घेऊ नका, रस्त्याचं नाव घ्या. ती आता खाली स्वतः लिहिते."

खाली छबूचं अक्षर. ते मीच वळवलेलं आहे. अजून वेलांट्या मोठ्या काढते.

"आई, रागावू नको. अक्का आडसच्या ओढ्यापाशी गेली, वाट लांब होती, असं तू सगळ्यांना सांगतेस. मी ते दोन्ही दिवस घरात होते, आई. मला तिकडं यायचं नाही. इथं दवाखाना आहे. छबू."

पत्र दोनदा वाचलं. मालकांना दाखवलं नाही. विचारलं तर म्हटलं, विमानात बाया घेत नाहीत.

मार्गशीर्ष वद्य १, गुरुवार

विमान गेलं. मी घरीच होते.

मार्गशीर्ष वद्य ६

मधले दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. जोंधळा खळ्यावर आला, त्या मोठ्या खळ्याच्या एका कोपऱ्यात मावला. बैल मेढीभोवती फिरतात. म्हणजे मेढ फुकट गेली नाही.

आज मळणीला सटवा बैलांच्या मागं होता. मी कणसं सरकवत होते. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून विचारलं. छबूला त्या दिवसांचं कुणी काही सांगितलं असेल तर यानंच, असं वाटलं. तोच माझ्याबद्दल नाही नाही ते बोलला असेल. म्हटलं, सटवा, त्या दिवशी तू गाडी सुस्त हाकलीस का नाही, खरं सांग.

त्यानं बैल थांबवले. आमच्याकडं तीस वर्षं आहे, मला कधी उलट बोलला नाही. म्हणाला, "बाई, गाडी पळवली. बैलाच्या तोंडाला फेस आला हुता. वाट चौदा कोसाचीच हाय, ती कावून वाढंल? आडसापत्तुर आमी सा कोस आलो, दुपार बी झाली नव्हती."

मी म्हटलं, मग.

"मग काय. सोमवारी सकाळी कळा लागल्या. सांजंला भिवराबाई बोलली की गाडी जुंपा, पोर आडवं हाय. मी बैलाला पाणी दावून तयार ठिवले. तुमी म्हनला, थांब, घरच्या लेकीला दवाखान्यात न्ह्यायचं म्हंजी गाव काय म्हनल. मंगळवारी बी थांब म्हनला. बुधवारी उजाडल्यावर जुंप म्हनला. चौदा कोस जायला एक दिस लागतो, बाई. निगायला दोन लागले."

बैल खाली मान घालून कडब्याला तोंड लावत होते. मी म्हटलं, हाक आता, ऊन चढलं. त्यानं हाकले.

तो म्हातारा झाला आहे. वार चुकत असतील, असं म्हणून वही मिटणार होते. पण वार बरोबर आहेत. बुधवारी आमच्याकडं आळीचं हळदीकुंकू ठरलं होतं, ते मोडलं, म्हणून लक्षात आहे.

लिहून ठेवलं. आता मलाही नाही म्हणता येणार नाही.

मार्गशीर्ष वद्य ७

भिवराबाईच्या घरी लुगडं नेऊन दिलं. जानकीच्या वेळचं. तिनं ताक दिलं. परत येताना म्हणाली, लई दिवसांनी आलात. मी म्हटलं, काम होतं.

मार्गशीर्ष वद्य ११

मालकांना सांगितलं की मीच हैदराबादला जाते. ते म्हणाले, लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत, तू दोन महिने राहणार कशी, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक काय म्हणतील याचा एकदा हिशेब केला होता, तो पुरे झाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले की परळीपर्यंत गाडीत मीही येतो. त्यांना सगळं ठाऊक होतं, असं आज मला पहिल्यांदा वाटलं. कधी बोलले नाहीत.

जावयाला पत्र लिहिलं. उद्या टपालात जाईल. त्याची नक्कल:

"चिरंजीव बद्रीनाथ यांस आशीर्वाद. खळ्याची मेढ काढलेली नाही, मळणी चालू आहे. तुमच्या साहेबांना सांगा, तिथं उतरू नका.

छबूनं लिहिलं ते वाचलं. तिला म्हणावं, वार तुझ्या लक्षात आहेत ते बरोबर आहेत. जास्त मला लिहिता येत नाही.

तिला इकडं पाठवू नका. मी तिकडं येते. दळण, तूप, डिंकाचे लाडू माझे मी आणते, तुमच्या घरचं खाणार नाही, म्हणजे तुमच्या आईला बोट ठेवायला जागा नको. निजायला दाराजवळची जागा पुरते. दवाखाना तुमच्या खोलीपासून किती लांब आहे ते लिहू नका, तुम्हाला अंतरं चांगली येतात हे मला कळलं. कळा लागल्या अन् सुईण का डॉक्टरीण जा म्हणाली की किती वेळात निघायचं, ते दोघांनी बसून आधी ठरवा. त्यात मला विचारू नका. मी थांब म्हटलं तरी थांबू नका.

मी यावं का न यावं, ते छबूला विचारा. तुम्हाला नाही, तिला. ती नको म्हणाली तर मी येणार नाही अन् रुसणारही नाही.

टपालानं हे पत्र पोचायला आठ दिवस अन् उत्तर यायला आणखी आठ जातात. तेवढा दम मला नाही अन् तिचे दिवस भरत आले. म्हणून येत्या गुरुवारचा पुढचा गुरुवार, पौष शुद्ध अष्टमी, त्या दिवशी विमान निघायच्या आधी तुमच्या साहेबांना हात जोडून सांगा. ती ये म्हणाली असेल तर किल्ल्यावर एक गिरकी मारा. नको म्हणाली असेल तर सरळ जा. खांब असलेलं रिंगण त्यांना माहीतच आहे, मी तिथंच असेन.

जोशांचं पात्र मागून ठेवलं आहे. दिवस उगवला की पाण्यात सोडते. सातवं बुडायच्या आत मला उत्तर पाहिजे."